चौथं वचन

बंगळूरमधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. स्वतःचं चर्च नाही. मल्लेश्वरममधल्या एका कन्नड चर्चच्या मागे हॉल आहे, तो महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आणि सणावारी आम्हाला मिळतो. सकाळची कन्नड उपासना आटोपून ते लोक बाहेर पडतात आणि आम्ही आत शिरतो. अहिल्यानगर, मिरज, सोलापूर, जालना अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली ही कुटुंबं. मुलं आपसात इंग्रजी बोलतात, पण गीतं मराठीतच होतात. ती होत राहिली याचं श्रेय बरीच वर्षं एकाच माणसाला होतं, चंद्रकांत ओहोळांना.

ओहोळ मूळ नेवासे तालुक्यातले. वडील गावात शिक्षक होते आणि येशूच्या चरित्रावर कीर्तन करायचे. मुलगा मागे टाळ धरून उभा असे. डिप्लोमा करून ओहोळ इथल्या एका सरकारी यंत्रकारखान्यात लागले आणि सुटे भाग तपासण्याच्या विभागात निवृत्तीपर्यंत राहिले. मी त्याच कारखान्यात हिशेब विभागात. कामावर ते मोजकंच बोलत. रविवारी मात्र हॉलमध्ये उभे राहिले की त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत भरून जाई. आम्ही बाकीचे त्या आवाजाच्या आडोशाला गात असू. कोणी बेसूर झालं तरी कळायचं नाही.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती, पण आवाजाची एक नस दुखावली. असं कधीकधी होतं, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. शुद्धीवर आल्यावर ओहोळांनी पत्नीला, प्रतिमाताईंना हाक मारली, ती नुसती हवा निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाज हळूहळू परत येऊ शकतो, कदाचित येणारही नाही. वाट पाहा.

आमच्यात साक्ष देण्याची रीत आहे. प्रार्थना ऐकली गेली, आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली की त्या माणसाने मंडळीपुढे उभं राहून ते सांगायचं. नंतर बरेचजण घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, जेवण घालतात. हे सगळं काम झाल्यावर. ओहोळांनी ते आधी केलं. ऑगस्टच्या उपासनेत त्यांनी माइक अगदी ओठांना लावला आणि कुजबुजत्या स्वरात सांगितलं, "नाताळाला मी इथे गाणार आहे. देवाने आवाज दिला असं धरून आजच त्याचे उपकार मानतो." सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. पुढच्या महिन्यात के. आर. पुरमच्या त्यांच्या घरी उपकारस्तुतीही झाली. कोंबडीचा रस्सा, भात, गोडाला शेवयांची खीर.

डिसेंबरात डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. एक स्वररज्जू हलत नव्हती, आणि आता ती हलेल अशी आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नाताळाच्या उपासनेला प्रतिमाताई एकट्या आल्या. "त्यांना बरं नाही," एवढंच म्हणाल्या. जानेवारीतही एकट्या, फेब्रुवारीतही. आम्ही कोणी खोदून विचारलं नाही. ऑगस्टमध्ये म्हटलेलं आमेन प्रत्येकाला आठवत होतं.

ओहोळांच्या शेजारी मालोजीअण्णा राहतात. त्यांचं कुटुंब तीन-चारशे वर्षांपासून इथलं, घरात मराठी पण निम्मी कन्नड मिसळलेली. ते रोज संध्याकाळी चहाला येतात. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मीही तिथे होतो.

"काय ओहोळअण्णा," मालोजींनी सरळच विचारलं, "चर्चला जाणं सोडलंत की काय?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?" ओहोळ कुजबुजले.

"ह्याच की. दुसरं कुठून आणणार?"

ओहोळ हसले नाहीत. "सगळ्यांपुढे देवाच्या नावानं सांगितलं होतं मी. खोटा पडलो. मी पडलो ते सोडा, माझ्यापायी देव खोटा पडला."

"सरी, कळलं. म्हणजे नवस फेडला आणि काम झालं नाही."

"आमच्यात नवस नसतो."

"नसतो? मग ते जेवण काय होतं? मीही आलो होतो की. दोनदा रस्सा घेतला. आमच्यात आधी काम होतं, मागून नवस फेडतात. तुम्ही आधीच फेडून बसलात! आता देवाला कसली घाई?"

आतून प्रतिमाताई हसल्या. "अहो मालोजीअण्णा, स्वल्प हळू. चहा सांडाल."

मालोजी गेल्यावर ओहोळ म्हणाले, "बरोबर बोलला तो. माल मिळण्याआधी मी पावती फाडली, देवाला माघार घेता येऊ नये म्हणून. उपकार कसले मानले?"

ते पुन्हा चर्चला येतील असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

शुभ शुक्रवारी आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर येशूने उच्चारलेल्या सात वचनांवर सातजण थोडंथोडं बोलतात. आधीच्या महिन्यात वचनं वाटून घेतात. क्षमेचं पहिलं वचन, आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचं तिसरं, ही लगेच जातात. चौथं दरवर्षी राहतं. त्यात येशू बापाला विचारतो, तू मला का टाकलंस? त्यावर काय बोलावं, ते कोणाला सुचत नाही. मग शेवटी पाळकसाहेब ते स्वतःकडे घेतात.

मार्चच्या उपासनेहून प्रतिमाताई घरी गेल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "सगळी वचनं गेली. चौथं तेवढं राहिलंय, नेहमीसारखं."

ओहोळ वर्तमानपत्र वाचत होते. "पाळकसाहेबांना फोन लाव," ते म्हणाले. "सांग, मी घेतो."

"अहो, बोलणार कसं?"

"जसं आता तुझ्याशी बोलतोय."

हे प्रतिमाताईंनीच मला नंतर सांगितलं. त्या रात्री त्यांनी पुन्हा दोनदा विचारलं म्हणे, नक्की का. दोन्ही वेळा नुसती मान हलली.

शुभ शुक्रवारी उकाडा भरपूर होता. हॉल भरला होता आणि छताचे पंखे खडखडत होते. तिसऱ्या वचनानंतर गीत झालं. पुढे गाणारं कोणी नसल्यामुळे ते दोन-तीन सुरांत एकदम चालू झालं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कसंबसं जुळलं. ओहोळ पहिल्या रांगेत बसून मान थोडी वळवून ऐकत होते. मग ते उठले. माइक ओठांना लावला. पंख्यांच्या आवाजात पहिलं वाक्य कोणालाच कळलं नाही.

"अरे, पंखे बंद करा ते!" मागून अनुसूयाबाई ओरडल्या. या आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर. एरवी शेवटच्या रांगेत बसतात आणि कोणाशी फारसं बोलत नाहीत. "घाम आला तर येऊ दे. त्याला बोलू दे."

कोणीतरी पंखे बंद केले. हॉल एकदम शांत झाला.

"येशूने हा प्रश्न विचारला," ओहोळ म्हणाले, "आणि त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. मी लहानपणापासून हे वचन ऐकतो. पण मला नेहमी घाई असायची रविवारची, पुनरुत्थानाच्या गीतांची. मध्ये हा शुक्रवार आहे, तो मी गाऊन पार करत होतो.

"ऑगस्टमध्ये मी इथे उपकार मानले. खरं तर मी देवाला शब्दात पकडत होतो. आवाज आला नाही. आता येणारही नाही. मला तो अजून हवा आहे, हेही खरं सांगतो. देवाने हे कशासाठी केलं ते मला कळलेलं नाही आणि कोणी समजावूही नका. एवढंच कळलं की उत्तर न मिळण्याच्या जागी मी पहिला पोचलेलो नाही. प्रभू तिथे माझ्या आधी होता. मी घरी लपून बसलो होतो तेव्हाही तो तिथेच होता. म्हणून परत आलो. ही माझी साक्ष आहे."

आमेन म्हणावं की नाही, कोणाला कळेना. मग पाळकसाहेब हळूच म्हणाले आणि मागोमाग सगळे. पंखे लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उरलेली तिन्ही वचनं आम्ही रुमालाने मान पुसत ऐकली.

उपासना संपल्यावर अनुसूयाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांचा मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला तो परतलाच नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. पण त्यांनी मंडळीत त्याचं नाव कधी काढलं नव्हतं.

"चंद्रकांत," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी एकदाही साक्षीला उठले नाही. तुम्ही सगळे उठायचात, कोणाचं हे झालं, कोणाचं ते. माझ्याकडे सांगण्यासारखं काही झालंच नाही. अजून नाही झालं."

"हो, मावशी."

"तरी उठलं तर चालतं का रे?"

ओहोळांनी त्यांचा हात धरला. त्यांचं कुजबुजणं ऐकायला अनुसूयाबाईंना कान अगदी जवळ आणावा लागला.

"उठा मावशी," ते म्हणाले. "पंखे मी बंद करतो."

मे महिन्याच्या उपासनेत अनुसूयाबाई उठल्या. त्या माइकजवळ पोचेपर्यंत ओहोळ पंख्यांच्या बटणांपाशी जाऊन उभे राहिले होते.