पदकं, उलट्या टोकाकडून

चहा घ्या आधी. पुढचं ऐकलंत की तुम्ही मला नावं ठेवणारच आहात, निदान घसा ओला करून ठेवा.

तर बंगळुरात मारतहळ्ळीतल्या आमच्या मराठी मंडळानं प्रजासत्ताक दिनाला एका निवृत्त लढाऊ वैमानिकाचा सत्कार ठरवला. विंग कमांडर एकोजीराव मोहिते. घराणं चामराजपेटचं, कित्येक पिढ्या बंगळुरातच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मुलाखत कोण घेणार? अर्थात मी! मी पुण्याचा, आवाज खणखणीत. आणि त्या आवाजावर माझं स्वतःचं इतकं प्रेम, की मी बोलायला लागलो की बायको टीव्ही मोठा करते.

कार्यक्रमाआधी अण्णांचा फोन आला.

"पदकं लावायलाच पाहिजेत काय? साध्या शर्टात येतो की."

"छे छे, अण्णा! सगळी लावून या. लोकांना दिसली पाहिजेत!"

"सरी, ठीक आहे. मग त्यांची स्वल्प माहिती देऊन ठेवू?"

"काही गरज नाही. माझा अभ्यास झालाय."

अभ्यास म्हणजे काय, तर मी दोन युद्धपट पाहिले होते. त्यातला एक अर्धवट.

अण्णा आले. सडसडीत, ताठ, निळ्या ब्लेझरवर पदकांची चकचकीत ओळ. हॉल गच्च भरलेला. अक्का पहिल्या रांगेत. मी माईक हातात घेतला आणि सुटलोच. "या छातीवरच्या प्रत्येक पदकामागे एक घनघोर लढाई आहे! आज आपण एकेका लढाईची कथा ऐकणार आहोत!"

अण्णांनी हात जरासा वर केला. मला वाटलं, विनय! मी आवाज आणखी चढवला.

मी बसलो होतो अण्णांच्या डाव्या हाताला, म्हणून माझ्या जवळच्या टोकापासून सुरुवात केली. "अण्णा, हे पहिलं पदक. कुठली लढाई?"

"हे? नऊ वर्षं नोकरी केल्याचं."

लोक हसले. मीही हसलो. "बरं, हे शेजारचं?"

"वीस वर्षं नोकरी केल्याचं."

"आणि हे?" माझा आवाज थोडा खाली आला होता.

"स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना मिळालं. आमच्या मेसच्या आचाऱ्यालाही."

हॉलमध्ये खुसखुस वाढत चालली. मी पुढच्या पदकाकडे बोट केलं. आता पुढचं तरी लढाईचं निघावं!

"हे अवघड जागी राहिल्याचं. फार थंडी होती तिथं."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? अण्णांना नीट बोलू दिलं असतं. मी मात्र घाबरलो. उरलेलं पदक चांगल्या वर्तणुकीचं निघालं तर? घाईघाईनं म्हणालो, "असो! पदकांपेक्षा माणूस मोठा! आता पुष्पगुच्छ…"

"अरे, थांब की!" अक्का जागेवरूनच म्हणाल्या. "ते आतलं राहिलं ना. तू उलट्या टोकाकडून मोजत आलास. मानाचं पदक छातीच्या मध्याकडं असतं, बा."

हे अण्णा मला फोनवरच सांगणार होते, लक्षात आलं ना तुमच्या?

अण्णांनी त्या पदकावर नुसतं बोट ठेवलं. "हे शौर्याचं म्हणून दिलं. पण लढाई नव्हती. सराव होता. दोन विमानं, मी आणि माझा मित्र. त्याच्या इंजिनाला आग लागली. त्यानं उडी मारली, खाली सगळं रान. मला त्याचं पॅराशूट दिसत होतं. तो हलत नव्हता."

हॉलमधली खुसखुस थांबली.

"मी जागा सोडली असती तर हेलिकॉप्टरला तो सापडला नसता. म्हणून वरच फिरत राहिलो. परत या, तेल संपेल, असं खालून सांगत होते. मी म्हटलं, अजून एक फेरी. मग अजून एक. कितव्या तरी फेरीला त्यानं हात वर केला. हेलिकॉप्टर दिसलं, तेव्हा मी वळलो. धावपट्टीवर टेकलो आणि इंजिन बंद. विमान ट्रॅक्टरनं ओढून न्यावं लागलं. साहेबांनी आधी शिव्या दिल्या, पदक नंतर आलं."

"आणि मित्र?" मागून कुणीतरी विचारलं.

"इथंच जवळ आनेकलला असतो. शेवंती लावतो. पाठ दुखली की मला फोन करून भांडतो, हेलिकॉप्टर जरा लवकर का बोलावलं नाहीस म्हणून. त्याच्या भांडणासाठी मी फोन उशाशी ठेवतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात असं वाटलंच नाही कुणाला. मी समोरच्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघत होतो. खाली मित्र निपचित पडलेला, तेलाचा काटा खाली खाली येतोय, आणि हा माणूस दर फेरीला स्वतःलाच विचारतोय की आता जाऊ का. आणि दर वेळी नाही म्हणतोय. एवढी गोष्ट छातीवर होती, आणि मी तिच्या अलीकडेच पुष्पगुच्छ मागवत होतो.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसलो का? हातात माईक होता हो! ती शांतता मला सोसवेना, आणि तोंडातून निघून गेलं,

"पण अण्णा, एवढ्या फेऱ्या मारण्यापेक्षा तुम्हीच खाली उतरून त्यांना उचलून का नाही आणलंत?"

अण्णांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. लहान मुलाकडे बघावं तसं.

"स्वल्प कठीण होतं, बा," ते म्हणाले. "रानात धावपट्टी नव्हती."

अख्खा हॉल हशात बुडाला! माझी स्वतःची बायको तर खुर्चीचा हात धरून हसत होती. अण्णाही हसले, आणि खरं सांगू, त्यांना तसं हसताना बघून मला माझ्या मूर्खपणाचं फारसं वाईट वाटेना.

कार्यक्रम संपल्यावर मी अक्कांना वाकून नमस्कार केला. म्हटलं, "अक्का, सगळा घोळ घातला मी."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे की. तू कामाला कुठं आहेस?"

"सॉफ्टवेअरमध्ये."

"तिथं फार बोलावं लागत नाही ना?"

"नाही, अक्का."

"सरी," त्या सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाल्या. "मग नोकरी टिकेल तुझी."