विमानात काय नेसायचं

तिकीट धुळ्याला सासरच्या पत्त्यावर आलं आणि त्या दिवसापासून मी विमानात काय नेसून बसायचं यावर घरात रोज चर्चा सुरू झाली. आमच्या गल्लीतलं कुणी कधी विमानात बसलेलं नव्हतं. आवाज आला की अंगणात येऊन मान वर करायची, एवढाच सगळ्यांचा अनुभव. पण सल्ला द्यायला कुणी मागं राहिलं नाही. एकीनं सांगितलं, वर फार थंडी असते, दोन पोलकी घाल. दुसरी म्हणाली, खिडकीतून ऊन येतं, पदर घट्ट घे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातं? मी मान डोलवायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

सासूबाईंचं मात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. लग्नातला शालू. जाड जरीचा, डाळिंबी रंगाचा, उचलला तरी मनगट भरून येईल असा.

दुसऱ्या गल्लीतल्या एका डॉक्टरांची, त्यांच्याबरोबर विमानानं परदेशी जाऊन आलेली बायको आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती. तिनं मला बाजूला घेतलं. ‘‘ऐक माझं, सैल काहीतरी घाल. इतके तास पाय खाली सोडून बसलं की ते सुजतात. आणि संडास म्हणजे उभं कपाट असतं. तिथं निऱ्या कुठं सांभाळशील? सरळ पंजाबी ड्रेस घाल.’’

हे मी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

‘‘आपला घरनी सून तू, पोरीसोरीसना कपडा घालशी? बठ्ठी गल्ली तुले देखाले येई ना व माय!’’

माझ्या तोंडावर काय ते दिसलं असणार. त्यांचा आवाज खाली आला.

‘‘पोऱ्या तठे एकलाच शे. त्याले घरनं मानूस दिसाले जोयजे.’’

मी सूप माझ्याकडे ओढलं आणि रागारागानं खडे वेचायला लागले.

त्यांचा पोऱ्या म्हणजे माझा नवरा. हे कॅनडात नोकरीला होते. मार्गशीर्षात रजा घेऊन आले, मुली पाहिल्या, मला पसंत केलं, लग्न लागलं, आणि पाहुणे पुरते पांगायच्या आत परत गेले. माझे कागद व्हायला चैत्र उजाडला. जे थोडे दिवस आम्ही एका घरात होतो, तेव्हा घर माणसांनी फुटत होतं. दिवसा मी कपाळ झाकेल असा पदर ओढून स्वयंपाकघरात, हे पुढच्या खोलीत पुरुषांत. एकमेकांशी बोलायची वेळ यायची तेव्हा दिवा मालवलेला असायचा. लग्नाच्या फोटोत त्यांच्या तोंडावर मुंडावळ्या आणि मी पाटाकडे बघतेय.

आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. चेहरा मात्र आठवायला गेले की कधी नाक यायचं, कधी नुसती हनुवटी. सगळं एकदम म्हणून काही यायचं नाही. हे सांगणार कुणाला? ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याचा चेहरा आठवत नाही म्हणणाऱ्या बाईला लोकांनी देवऋषीकडे नेलं असतं. तिकडं उतरल्यावर मी त्यांना ओळखलंच नाही तर? ही एक भीती माझी पाठ सोडेना. कपड्यांवरून मी भांडत होते ते बरंचसं यासाठी की भांडण चालू असलं की ती भीती जरा मागे सरायची.

निघायच्या आधी निरोपाला म्हणून मी जळगावला माहेरी आले. मेहरूण तलावाच्या बाजूला आमचं घर. तलावावरून गार वारा येतो म्हणून वडिलांनी ते घेतलं होतं. चैत्रात तो वाराही भट्टीतला. आल्या आल्या मी ट्रंक उघडली, सगळं बाहेर काढलं, परत भरलं, परत काढलं. आई म्हणाली, ‘‘अगं, बूड टेकव ना कुठं तरी.’’ मग टेकवलंच. मधल्या खोलीत लाकडी खुर्ची मांडली, शालू नेसले, आणि विमानात बसल्यासारखी दुपारभर बसून राहिले. परीक्षाच घ्यायची ठरवली होती.

परकराची नाडी कमरेत रुतली. जरीचे काठ पोटरीला टोचायला लागले. निऱ्या आपोआप सुटत गेल्या आणि घामानं पोलकं पाठीला चिकटलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मला खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. दुसऱ्या दिवशी सुती पातळ नेसून बसले. ते हलकं, पण उठले तेव्हा बोळा झाला होता. आई दारात उभी राहून पाहत होती. संध्याकाळी बाजारातून निळ्या बारीक फुलांचं कापड घेऊन आली आणि मशीनवर बसली.

सैल कुडता, खाली सलवार, आणि कुडत्याला आतून एक खिसा, पासपोर्टासाठी. आईनं उभ्या जन्मात असलं काही अंगाला लावलं नव्हतं. शिवता शिवता तिनं विचारलं, ‘‘त्यांना आवडेल ना गं?’’

माझा तोल गेला. ‘‘मला काय ठाऊक त्यांना काय आवडतं! मला त्यांचा चेहरासुद्धा धड आठवत नाहीये!’’

मशीन थांबलं. बोलून गेले आणि मला रडूच फुटलं. आई उठली नाही, जवळ घेतलं नाही. ती तशी नव्हतीच. सुईखालचं कापड नीट करत म्हणाली, ‘‘मी तुझ्या वडिलांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांना ताप भरला होता तेव्हा. वर्ष होऊन गेलं होतं लग्नाला. त्यांचे डोळे मिटलेले होते ना, म्हणून.’’ आणि परत मशीनचं पायडल मारायला लागली.

पुढची युक्तीही तिचीच. धुळ्याहून शालू नेसून निघ, मुंबईला सासऱ्यांचा निरोप घेतलास की बदल.

तसंच केलं. धुळ्याच्या स्टँडवर खरोखर सगळी गल्ली आली होती. हार, नारळ, ओटी. सासूबाईंनी माझ्या निऱ्या स्वतःच्या हातानं सारख्या केल्या आणि मला चोरासारखं वाटलं. आबा, म्हणजे सासरे, मुंबईला विमानतळापर्यंत सोडायला आले. ते दिसेनासे झाल्यावर मी बायकांच्या खोलीत शिरले आणि निळ्या फुलांची होऊन बाहेर आले.

अंगाला आराम मिळाला हे खरं. पाय जवळ घेऊन बसता आलं, झोपही लागली असती. पण जीव काही ठिकाणावर नव्हता. कॅनडा जवळ यायला लागला तसं सासूबाईंचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं, आणि शेवटी मी शालू उचलून त्या कपाटाएवढ्या संडासात गेलेच. दोन वेढे झाले नाहीत तोच कोपर भिंतीवर आपटलं आणि पदर ओल्या फरशीवर गेला. बाहेरून कुणी दार ठोठावलं. शालू बोचक्यात कोंबला आणि तशीच कुडत्यात, चुरगळलेली, वेणी सुटलेली, परत जागेवर येऊन बसले.

उतरल्यावर सामान घेऊन बाहेर आले तर कठड्यापलीकडे माणसांची दाटी. माझ्या मागून दोन-तीन साडी नेसलेल्या बाया येत होत्या. दाटीत एक सावळा माणूस बायकी ओव्हरकोट हातावर घेऊन टाचा उंचावत होता. त्याची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली, आणि मला ओलांडून साड्यांकडे गेली. लाल साडीतली एक जण पुढं आली तसा तो लगबगीनं दोन पावलं सरकला, तिचा चेहरा पाहिला, ओशाळून मागं झाला. सोबतच्या कुणाला तरी काहीतरी म्हणाला. आवाज ऐकला आणि माझे पाय जागीच थांबले.

हे मला शोधत होते, आणि मी कशी दिसते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लगेच हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. सामानाच्या गाडीवर हात ठेवून उभी राहिले आणि बघत राहिले. कपाळ रुंद होतं. एका भुवईत बारीक खाच होती. ओठ सारखे जिभेनं ओले करत होते आणि कोट या हातावरून त्या हातावर घेत होते. इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी फक्त आरशात पाहिलं होतं. मी ते पोटभर पाहून घेतलं, डोक्यावर पदर नाही, मान खाली नाही. मग पुढं होऊन म्हटलं, ‘‘अहो, मी इकडं आहे.’’