पायलीभर ज्वारी

“ये, पुढे ये. लाजतेस काय? वर्गाला करून दाखव.”

असं म्हणून मॅडमनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. समाजशास्त्राचा तास होता. फळ्यावर ‘बलुतेदारी’ लिहिलेलं. त्याखाली सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. न्हावी या शब्दाखाली मॅडमनी दोनदा रेघ ओढली आणि माझं नाव घेतलं.

वर्गात साठ-पासष्ट मुलं. मी दुसऱ्या बाकावर. उठू नये असं वाटलं. तरी उठले.

मॅडमच्या खांद्यांवर हात ठेवले. अंगठा मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीवर बरोबर गेला, कारण ती गाठ माझ्या ओळखीची होती. चार महिने रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन तीच गाठ मी दाबत होते. वर्गाला हे माहीत नव्हतं.

“बघा,” मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, “हिला कुणी शिकवलेलं नाही. हे रक्तात असतं.”

मागून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माझंपण डोकं दुखतंय. पाठवा की हिला हिकडं.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्यांचे खांदे माझ्या हातांखाली हलले. त्यांचं हसणं मला आधी हातांना कळलं.

मी दाबत राहिले. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय. मी हात काढून घेतले नाहीत. त्या “पुरे” म्हणाल्या तेव्हा थांबले आणि जागेवर जाऊन बसले. वही उघडली. त्या सांगत होत्या ते लिहूनही घेतलं : ‘कालांतराने ही पद्धत संपुष्टात आली.’

रक्तात असतं म्हणे.

माझी आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते. वडील लूमवर. त्या खडखडाटानं त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. दहावीच्या सुट्टीत मीही आईशेजारी बसून टॉवेलांच्या घड्या घातल्या. बारावीनंतर साडीच्या दुकानात लागले. गिऱ्हाईक असो नसो, दिवसभर उभंच राहायचं, असा तिथला नियम. पाय सुजायला लागले तेव्हा सोडलं. मग एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर नंबर टाकायचं काम. ते ऑफिस बंद पडलं. मग बाळंतपणाच्या एका दवाखान्यात आया म्हणून राहिले.

तिथं व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या. एकदा मी पेशंटला कुशीवर वळवत होते. त्या दारात थांबून बघत होत्या. म्हणाल्या, “बाकीच्या ओढतात. तू वळवतेस. शिकशील का नीट?”

त्यांच्या क्लिनिकमध्ये सहा महिने शिकले. स्नायूंची नावं पाठ होईनात म्हणून मनगटावर पेनानं लिहून ठेवायची. कुठं दाबायचं, त्याहून कुठं दाबायचं नाही, हे शिकायला जास्त दिवस लागले. माझा पहिला पेशंट एक म्हातारे शिंपी होते. ते कळवळून म्हणाले, “अगं, माणूस हाय मी, कणीक न्हाय.” पहिले दोन महिने माझे अंगठे इतके सुजायचे की भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. रक्तात असतं तर अंगठे कशाला सुजले असते?

आईला सांगितलं, मसाज थेरपिस्टचं काम शिकतेय. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग एवढंच विचारलं, “दवाखान्यातलं काम हाय न्हवं? पेशंट टेबलावर आन् तू उभी?”

“होय.”

“मग कर.”

तिनं असं का विचारलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

त्याच वर्षी बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. सकाळी कॉलेज, दुपारी बारापासून क्लिनिक, असं ठरलेलं. पण कंबरदुखीचे पेशंट ऑफिसला जायच्या आधी सकाळीच येतात. ताईंना माझी गरज असायची आणि मला ताईंना नाही म्हणता यायचं नाही. तास बुडत गेले.

पहिल्या वर्षी मॅडमनी एक निबंध लिहायला सांगितला होता : आपल्या गावातली बलुतेदारी. मला वाटलं, खरं तेच लिहावं. आमचं गाव मोडनिंबजवळ, घर न्हाव्याचं. आजी गावच्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची, न्हाऊ घालायची. त्याबद्दल सुगीला धान्य मिळायचं. तेवढंच मला माहीत होतं, तेवढंच लिहिलं. शेवटी मोठ्या हौशीनं लिहिलं की मी स्वतः आता मसाज थेरपिस्ट आहे.

मॅडमना निबंध आवडला. दुसऱ्या वर्षी त्या आमच्या वर्गाच्या प्रमुख झाल्या. हजेरीपट त्यांच्याकडे आला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“हजेरी फार कमी आहे तुझी. परीक्षेला बसता येणार नाही.”

त्यांनी हजेरीपट मिटला.

“बघू, काहीतरी करू. तुझ्यासारख्या मुलींनी शिकायलाच पाहिजे.” मग मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, “तुझा तो निबंध लक्षात आहे माझ्या. माझी मान फार धरते गं. सकाळी येशील का घरी? जवळच आहे.”

मी हो म्हणाले. मला आनंद झाला होता, हेही लिहिते. मॅडमनी मला घरी बोलावलं होतं.

आधी मान. नंतर कंबर. महिन्याभरानं त्यांच्या सासूबाईंचे गुडघे. क्लिनिकमध्ये टेबल माझ्या कमरेएवढं आहे. पेशंट झोपतो, मी उभी असते, अंगाचा भार हातावर येतो. मॅडमच्या घरी सासूबाई पलंगावर पाय सोडून बसायच्या आणि मी खाली फरशीवर. मी एकदा म्हणाले, आजी, आडव्या झालात तर बरं पडेल. त्या म्हणाल्या, “आम्हाला अशीच सवय आहे बाई.”

मला सासूबाईंच्या पायाशी सोडून मॅडम कॉलेजात जायच्या आणि माझी हजेरी लावायच्या. मी कधी अर्ध्या तासाला पोचायचे, कधी पोचायचेच नाही. वर्गातल्या दोघी-तिघींना हे दिसत होतं. त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. एकदा म्हणाले, “मॅडम, आता हजेरी भरली असेल ना? उद्यापासून तासाला बसते.” त्या हसून म्हणाल्या, “भरलेली हजेरी कमीपण होते बरं का.” थट्टाच होती. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला मी त्यांच्या दारात होते.

मग त्यांची मुलगी बाळंतपणाला आली. सव्वा महिना बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. “तुला काय सांगायचं? तुमच्याकडे हे असतंच,” मॅडम म्हणाल्या. त्या सव्वा महिन्यात मी एकदाही तासाला बसले नाही. तिकडं माझ्या नंबरापुढं ‘हजर’ लागत होतं आणि मी पाटावर बसून पायांवर त्यांचं बाळ धरलेलं असायचं. बाळाचा राग येईना. ते बिचारं पाणी पडलं की हसायचं.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, सासूबाईंनी मला थांबवलं. सुपात पायलीभर ज्वारी, वर नारळ, शेजारी एक नेसून झालेली साडी. “रीत असते,” म्हणाल्या. “नाही म्हणायचं नसतं.” पिशवीत ओतून दिलं. मी वाकून नमस्कार केला.

पिशवी घेऊन घरी आले. आई कारखान्यातून नुकतीच आली होती. तिनं पिशवीत हात घातला. ज्वारी मुठीत घेतली. नारळ बघितला. साडी बोटानं जराशी उचलली. मी काही सांगायच्या आत तिनं विचारलं, “कुणाची बाळंतीण?”

मी सांगितलं. सगळं. हजेरीसुद्धा.

आई भिंतीला टेकून बसली. तिनं जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

“तू बारा दिसांची व्हतीस. मी अंथरुणात. तुझ्या आजीला ताप. मोठ्या घरातनं सांगावा आला, सून बाळंत झालीया, कुणीतरी या. तुला आजीजवळ टाकून मी गेले. पंधरा दिस तिचं अंग चोळलं. माझ्या अंगातनं कळा निघायच्या. दूध यायचं, लुगडं भिजायचं. ती म्हनायची, जरा जोर लाव की.”

“मग तुझं अंग कुणी चोळलं?”

आईनं माझ्याकडं बघितलं.

“पंधरा दिसांनी असंच सूप दिलं,” ती म्हणाली. “ज्वारी, नारळ, जुनं लुगडं. ती ज्वारी आमी खाल्ली. दुसरं काय व्हतं घरात? पर त्याच उन्हाळ्यात तुझ्या बापाला म्हनलं, सोलापूरला चला. टावेलाच्या घड्या घालीन, हमाली करीन. हे न्हाय.”

मग ती उठली. पिशवीला गाठ मारली आणि दाराबाहेर, चपलांजवळ नेऊन ठेवली.

“हिची भाकरी ह्या घरात व्हनार न्हाय.”

म्हणजे आईनं मला हे काम कधी शिकवलंच नव्हतं. मुद्दाम नाही. तिच्या हातांत होतं ते तिनं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. आणि मी शहरातून, दवाखान्यातून, कॉलेजातून फिरत फिरत त्याच फरशीवर जाऊन बसले होते.

हे शनिवारचं. वर्गात करून दाखवायला उठवलं ते सोमवारी. म्हणजे सगळं कळलेलं असतानाही मी उठले. आईला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. सोमवारी संध्याकाळी तिला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, “हातात हजेरी हाय तिच्या. तू तरी काय करशील?” ती चिडली असती तर बरं झालं असतं. आई गावात असताना असंच बोलत असेल, असं वाटलं.

मंगळवारी सकाळी दाराबाहेरची पिशवी घेतली. सायकलच्या हँडलला अडकवली.

मॅडम हजेरी घेत होत्या. माझा नंबर एकोणचाळीस. छत्तीस, सदतीस, अडतीस.

“एकोणचाळीस.”

मी उभी राहिले. बाकाची कड धरली.

“मॅडम, आज हजर आहे. पण मागचा सव्वा महिना मी एकही दिवस वर्गात नव्हते. त्या हजेऱ्या खोडा.”

“काय बोलतेस तू? बस खाली.”

“मी तुमच्या घरी होते. तुमच्या मुलीला न्हाऊ घालत होते. त्याच्या आधीच्या पण खोडा. तेव्हा तुमची मान दाबत होते.”

वर्गात कुणी हसलं नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“हे आपण बाहेर बोलू.”

“काल तुम्ही वर्गातच बोललात.”

पाठ करून गेलेलं निम्मं विसरले. पिशवी उचलली, पुढं गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. “आईनं ही घरात ठेवून घेतली नाही. आणि मॅडम, हे रक्तात नसतं. मी सहा महिने शिकलेय. मला शिकवलंय.”

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “परीक्षेचा विचार केलास का?”

“केलाय.”

खरं तर रात्रभर तोच केला होता. दुसरा कुठलाच विचार नव्हता.

आठवड्याभरात नोटीस बोर्डावर यादी लागली. हजेरी अपुरी असलेल्यांची. त्यात माझं नाव आहे. त्याबद्दल तक्रार नाही. हजेरी अपुरी होतीच. मैत्रीण म्हणाली, “वेडी आहेस. दोन महिने कळ काढायची होतीस.” तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तिच्या घरी कुणी सूप बघितलेलं नाही.

वडिलांना मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. शेजाऱ्यांनाही कळलं. वडील म्हणाले, “वरीस गेलं की.”

“गेलं,” आई म्हणाली. “जाऊ द्या. ज्वारी बी गेली.”

परवा क्लिनिकमध्ये फोन आला. ताईंनी घेतला. मॅडमची मान धरली होती, कुणाला तरी घरी पाठवाल का, असं विचारत होत्या. ताईंनी फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, “नंबर लावायला सांगा. मीच बघीन. पण इथं. टेबलावर.”

त्या अजून आलेल्या नाहीत. आल्या तर ती गाठ कुठं आहे ते मला ठाऊक आहे. नीट काढून देईन. काम मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

जूनमध्ये त्याच वर्गात पुन्हा नाव घालणार आहे. क्लिनिकमध्ये सकाळचे पेशंट घेणार नाही, हे ताईंना सांगून झालं. हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक तासाला बसणार. परीक्षेत बलुतेदारीवर प्रश्न येतोच. वहीतलं ‘ही पद्धत संपुष्टात आली’ हे वाक्य मी खोडलंय, उत्तरात ते लिहिणार नाही. त्याचे मार्क गेले तर जाऊ देत.

आणि जमिनीवर मी आता फक्त जेवायला बसेन. कुणाचं अंग रगडायला बसणार नाही.