त्याच्यासोबत माळशेज घाटात

कल्याणला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या एका माणसासोबत मी तीनदा बाईकवरून माळशेजला निघालो, आणि तिन्ही वेळा धबधब्यापर्यंत पोचलेलो नाही. रस्त्यात कुणाची गाडी बंद दिसली की हा थांबतो. "दोनच मिनिटं, साहेब," म्हणतो आणि पाने काढून खाली बसतो. मी घड्याळ बघणंच सोडून दिलंय.

गेल्या ऑगस्टात रविवारी घाट गाड्यांनी गच्च भरलेला. आम्ही आपापल्या बाईकवरून घाट चढत होतो, तेवढ्यात वरून गर्दीत रांगत एक स्कूटर आली. नवरा, बायको, मध्ये लहान मुलगी. करपल्याचा वास आला तसा यानं हात आडवा करून ती थांबवली, चाकाजवळ हात नेला आणि सरळ किल्ली काढून खिशात टाकली.

"ओ, किल्ली द्या! उशीर होतोय आम्हाला," नवरा ओरडला.

"ब्रेक तापलेत. पुढच्या वळणावर थांबणार नाय गाडी."

मागून हॉर्न आणि शिव्या सुरू झाल्या. मीही वैतागलो. "अरे, देऊन टाक ना! त्यांचं ते बघतील."

माझ्याकडे न बघता त्यानं सगळ्यांना उतरवलं, स्कूटर उताराला लावली आणि बायकोला म्हणाला, "ताई, तुम्हीच दाबून बघा."

तिनं दोन्ही ब्रेक दाबले. तरी स्कूटर घरंगळली. त्यानं मागून धरली म्हणून थांबली.

ती मुलीला घेऊन माझ्या मागे बसली. घाट उतरेपर्यंत मी इतक्या हळू बाईक चालवली, की मागचे हॉर्न वाजवून थकले.