दहावं गाणं

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुंदाबाईंसारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांच्याशी ज्यांचं पटायचं नाही त्या बायकासुद्धा एवढं कबूल करायच्या. सव्वीस वर्षं हेडफोन लावून, परगावचे कॉल जोडत ट्रंक बोर्डावर बसलेली बाई ती. पलीकडून नुसतं 'हॅलो' आलं की माणूस आजारी आहे, थाप मारणार आहे की उगाच घाई करतोय, हे शेजारणीला खुणेनं सांगून त्या मोकळ्या. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा, आणि ते माप अंगात असं मुरलेलं की घड्याळ बघायची गरज नाही. एखादं गाणं केवढं आहे असं विचारलं, तर त्या म्हणत, दीड कॉल.

गाणं म्हणजे इंग्रजी गाणं, आणि इथेच लोकांच्या भुवया वर जात. पारोळ्याजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची लेक, मॅट्रिकनंतर थेट नोकरी, इंग्रजी म्हणाल तर 'होल्ड द लाइन' आणि 'नो रिप्लाय' एवढ्यावर निभावलेलं. तिने इंग्रजी अल्बम ऐकावेत आणि वर त्यावर मतं द्यावीत, म्हणजे काय!

सुरुवात झाली ती फणकाऱ्यातून. सत्त्याऐंशी साली त्या जळगावला बहिणीकडे, शेवंताबाईंकडे गेल्या होत्या. बहिणीला भजनांची कॅसेट भरून हवी होती म्हणून दोघी रतिलालच्या दुकानात शिरल्या. रेकॉर्डिंगचं ते दुकान म्हणजे एक खोली, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन टेपडेक आणि न बोलणारा मालक. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली न्यायची. त्या दिवशी आत कुणीतरी पोरगा जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि मागे गिटार. कुंदाबाईंनी विचारलं, हे काय? रतिलाल म्हणाला, इंग्रजी आहे, तुम्हाला नाही आवडायचं. झालं! आवडायचं की नाही ते ऐकून मी ठरवीन, असं म्हणत बाईंनी तोच अख्खा अल्बम भरून मागितला.

घरी आणून त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोकं उठलं. दुसऱ्यांदा ऐकला तो रतिलालला खोटं पाडायला. तिसऱ्यांदा मात्र त्या मांडीवरची मेथी निवडायची विसरल्या. पोरगा ओरडतोय ते खरं, पण कशासाठी? नऊ गाण्यांत त्याचा आवाज कुठे फाटतो, कुठे रडवेला होतो आणि लगेच चिडून सावरतो, हे त्यांना शब्दांवाचून ऐकू येत होतं. रोज बोर्डावर त्या दुसरं काय ऐकत होत्या?

मग दर दोन-तीन महिन्यांनी एक अल्बम. रतिलालकडे रेकॉर्डी कुठून येत कोण जाणे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून येतात असं लोक म्हणायचे. तो बोलायचा नाही, बाईही विचारायच्या नाहीत. कॅसेटवर नाव नाही, चित्र नाही, म्हणून मतं लिहायच्या वहीत बाईंनी आपलीच नावं दिली. पहिली कॅसेट 'चिडलेला पोरगा'. पुढे एक 'गोड बाई' आली. तिच्याबद्दल लिहिलं होतं की पहिली तीन गाणी झकास, पण पुढे तोच चहा पुन्हा उकळलाय. एकदा 'बोलणारे' आले. त्यात कुणी गातच नाही हे ऐकून बाईंना वाटलं टेप बिघडली. नीट ऐकल्यावर लिहिलं, हे गल्लीतलं भांडण आहे, पण तालात आहे. नळावरच्या आमच्या बायकांना हा ताल सापडला असता तर ऐकायला गर्दी झाली असती. अशी सहा वर्षांत तेवीस अल्बमांची मतं झाली. त्यांचे यजमान पंडितराव शेतकी खात्यात होते. ते म्हणत, आमच्या घरात दोन रजिस्टरं चालतात, एक पावसाचं आणि एक आरडाओरड्याचं.

सर्वांत मोठं मत अर्थातच चिडलेल्या पोराविषयी. चार पानं! त्या अल्बमच्या अखेरीला, दहाव्या गाण्यात, आवाज बदलतो. पोरगा गप्प होतो आणि कुणी वयस्क माणूस नुसत्या पेटीसारख्या वाद्यावर सावकाश गातो. बाईंनी लिहिलं होतं, 'हा त्या पोराचा बाप असावा. नऊ गाणी त्याने मुकाट ऐकून घेतलं, आता बोलतोय. हा सगळा अल्बम या एका माणसासाठी केला आहे. करणाऱ्याने फार विचार केला आहे.'

त्र्याण्णव साली गल्ली नंबर चारमधल्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी सभासदांची भाषणं सुरू झाली. सचिव होते लीलाधर गुरुजी. एकदा एक्स्चेंजमध्ये लागत नसलेल्या कॉलची वाट बघत बसले असताना त्यांनी कुंदाबाईंकडून दोन-चार मतं ऐकली होती आणि माणूस चाटच पडला होता. त्यांनी बाईंचं नाव फळ्यावर लिहून टाकलं: 'मी ऐकलेले इंग्रजी अल्बम.' वाचनालयात कुजबुज झाली. हिला इंग्रजी येतं तरी का, असं एक वकीलसाहेब उघड म्हणाले. बाईंच्या कानावर ते आलंच. त्यांच्या कानावर काय येत नसे! पण त्या मनातून हरखल्या होत्या. सहा वर्षांत त्यांचं मत कुणी मागितलं नव्हतं. भाषण ठरलं चिडलेल्या पोरावर, आणि मुख्य मुद्दा ते दहावं गाणं.

आणि भाषणाआधीच्या गुरुवारी घोटाळा झाला. एक्स्चेंजमध्ये पुण्याहून नवे इंजिनिअर आले होते, तरुण, सभ्य, गाण्याचे शौकीन. बाईंनी उत्साहाने त्यांना कॅसेट ऐकवली. साहेबांनी पहिल्या ओळीलाच अल्बम ओळखला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःकडची कंपनीची कॅसेट आणली, चित्रासकट, गाण्यांच्या यादीसकट. बाईंनी यादीवर बोट ठेवून मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच.

साहेब म्हणाले, यात दहावं गाणं नाही. तो म्हातारा कुठल्या तरी दुसऱ्याच रेकॉर्डवरचा, चुकून आलेला दिसतोय. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, आपण कशावर पाय दिला ते.

भाषण गेलं खड्ड्यात, इंग्रजी येत नाही हे तर जगाला माहीत होतं. पण कान? आयुष्यभर एका कानाच्या जोरावर उभी राहिलेली बाई. त्या कानाने चुकून चिकटलेल्या गाण्यात बाप ऐकला, विचार ऐकला, चार पानं लिहिली. मग उरलेल्या बावीस मतांचं काय? बोर्डावर ओळखलेल्या माणसांचं काय? घरी आल्यावर त्यांनी पंडितरावांना घरच्या अहिराणीत सरळ विचारलं.

"मना कान खोटा शे का?"

पंडितरावांनी चेष्टा केली नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "ज्यानी भरी त्याले इचारी ये."

शनिवारी सकाळच्या एसटीने कुंदाबाई निघाल्या. पिशवीत वही, कॅसेट आणि दशम्या. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, बाईंचं बाहेर लक्ष नव्हतं. त्या शक्यता मोजत होत्या. चुकून राहिलं असेल. जुनी टेप वापरली असेल आणि आधीचं गाणं पुसायचं राहिलं असेल. पण पुसायचं राहिलेलं गाणं मधूनच सुरू होतं, आणि हे तर पहिल्या श्वासापासून होतं. शिवाय पोराचं गाणं संपल्यावर बरोबर चार श्वासांची शांतता होती. चुकीला एवढा धीर कुठून येणार? जळगाव येईपर्यंत भीती थोडी मागे पडली आणि कुतूहलच जास्त झालं.

रतिलाल तसाच बसला होता, केस तेवढे पिकले होते. बाईंनी कॅसेट समोर ठेवली आणि विचारलं, हे दहावं गाणं इथे कसं आलं?

तो दचकलाच. आधी त्याला वाटलं बाई भांडायला आल्या. मग हळूहळू बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना. साठची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. अल्बम काही मोजून तेवढा नसतो. पहिल्या बाजूला जागा उरली तर चालतं, तिथे कॅसेट उलटायचीच असते. पण शेवटी कोरं राहिलं की गिऱ्हाईक भांडतं. म्हणून सगळेच दुकानदार शेवटी काहीतरी भरतात. तोही भरायचा. फक्त त्याला 'काहीतरी' भरवत नसे. अख्खा अल्बम ऐकायचा, मग उरलेल्या चार-पाच मिनिटांत बसेल आणि शोभेल असं गाणं शोधत बसायचा. बायको म्हणायची, वेड लागलंय. पंधरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने शेवटच्या गाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"आणि हे?" बाईंनी विचारलं.

रतिलालने कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी केली. "तो पोरगा नऊ गाणी ओरडतो, ताई. त्याला कुणी उत्तरच देत नाही. मला ते बरं वाटेना. म्हणून एका म्हाताऱ्याचं गाणं लावलं."

कुंदाबाईंनी वही उघडली आणि चार पानं वाचून दाखवली. बापाचं वाक्य आलं तेव्हा रतिलालने चष्मा काढला आणि पुसत बसला. बराच वेळ पुसला. बाईंचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग त्याने भीत भीत विचारलं, बाकीच्यांचं काय? ती बोलणाऱ्या लोकांची कॅसेट, तिच्या शेवटी त्याने एक बासरी टाकली होती. तिच्यावर महिनाभर घालवला होता.

आता आली का पंचाईत! वहीत त्या बासरीवर दोनच ओळी होत्या. बाईंना वाटलं, आज राहू द्यावं, माणूस सुखात आहे. पण सुखासाठी मत बदलायचं, तर आजचं सगळं खोटंच झालं असतं. त्यांनी वाचलं, "शेवटची बासरी उगाच. पाहुणा जेवून, सुपारी खाऊन, निघतो निघतो म्हणत बसून राहावा तशी."

रतिलालचा चेहरा उतरला. त्याने फडताळातून आपली प्रत काढली, हेडफोन लावला आणि ती बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बाई समोर बसून राहिल्या. हेडफोन काढून तो म्हणाला, "लांबली आहे खरी. मलाही तेव्हाच वाटलं होतं."

बाईंना हवं होतं ते इथे मिळालं. कौतुकात कुणाचंही जुळतं, इथे दोषातही जुळलं, म्हणजे कान खरा. त्यांनी पिशवी उघडून दशम्या काढल्या आणि दोघांनी काउंटरवरच खाल्ल्या. निघताना त्याने एवढंच सांगितलं की भाषणात दुकानाचं नाव घेऊ नका, हे भरून द्यायचं काम तसं कायद्यात बसत नाही.

रविवारी वाचनालय भरलं होतं. वकीलसाहेब पुढे, पुण्याचे इंजिनिअर त्यांच्या शेजारी. कुंदाबाईंनी आधी पोराची दोन गाणी लावली. लोकांनी कानांवर हात ठेवले. मग म्हाताऱ्याचं गाणं लावलं, आणि सव्वा कॉल कुणी खोकलंसुद्धा नाही. गाणं संपल्यावर त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं: हे गाणं मूळ अल्बममध्ये नाही, मला ते शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं, जळगावच्या एका माणसाने उरलेल्या जागेत ते भरलं, आणि विचार करून भरलं. माझं मत मी बदललेलं नाही. विचार करणारा परदेशात असेल असं वाटलं होतं, तो नव्वद किलोमीटरवर निघाला, एवढाच काय तो फरक.

वकीलसाहेब हसून म्हणाले, म्हणजे बाई, तुम्ही सहा वर्षं चुकीचा अल्बम ऐकलात.

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घाबरल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"जगात त्याला नऊ गाणी आहेत, आपल्याकडे दहा. दोन्ही ऐकले मी, साहेब. आपला चांगला शे."

सोमवारी सकाळी पुण्याचे इंजिनिअर ट्रंक बोर्डापाशी आले. हातात साठची कोरी कॅसेट होती. त्यांनी ती बाईंसमोर ठेवली आणि म्हणाले, मला एक भरून हवी आहे, दहा गाण्यांची. कुंदाबाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, रतिलालचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि पुन्हा कामाला लागल्या.