वानखडे सरांचा टपाली पाठ

टेप थांबली तेव्हा वानखडे सर म्हणाले, हा आवाज माझा नाही, यंत्रात बिघाड आहे. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच परका वाटतो, असं मी सांगून पाहिलं. त्यांना पटलं नाही.

विद्यापीठानं त्या वर्षी टपालानं बी.ए. सुरू केलं होतं. नोकरी करणाऱ्यांना पाठ घरपोच जायचे. अर्थशास्त्राचं काम आमच्या यवतमाळच्या कॉलेजकडे आलं. प्रिन्सिपॉलनी ते सरांना दिलं. मी त्यांचा ज्युनिअर. सर शिकवायला लागले की दुसऱ्या वर्गाची पोरं येऊन बसत. लिहायला बसले की मात्र दोन ओळींपुढे सरकत नसत. सुटी लागेपर्यंत पहिला पाठ गेला नाही, तर विषय दुसऱ्या कॉलेजला जाणार होता.

म्हणून मी प्रसिद्धी खात्याच्या ऑफिसातून टेपरेकॉर्डर मागून आणला. सरांचं मागणी-पुरवठ्याचं लेक्चर टेप केलं, ऐकत ऐकत उतरवलं आणि टाइपिस्टकडून स्टेन्सिल कापून घेतल्या. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा कागद. टाइपरायटरची अक्षरं त्यावर कोरली जातात आणि सायक्लोस्टाइल मशीनवर त्यातून शाई झिरपून प्रती निघतात. प्रिन्सिपॉल खूश झाले. पाठवण्याआधी एका विद्यार्थ्याला दाखवा, एवढंच म्हणाले.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचे राठोड गुरुजी कोर्सला होते. स्वतः प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांना प्रत पाठवली. रविवारी ते एसटीनं आले. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. सर समोर बसलेले, म्हणून आधी बोलेचनात. मी फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी एक ओळ वाचली, 'ही रेषा इकडून अशी खाली येते, ती हिला इथे छेदते. दिसलं ना?'

"सर, मले नाही दिसलं," गुरुजी म्हणाले. "कागदावर तं रेघच नाही. कोनती रेघ कुठून येते, हे मले घरी कोन सांगन?"

चूक माझी होती. लेक्चर मी शब्दन् शब्द उतरवलं होतं, फळा उतरवला नव्हता. मला त्या रेषा पाठ होत्या, त्यामुळे उतरवताना कुठे अडलंच नाही.

सरांनी ती प्रत गुरुजींच्या हातून घेतली. विषय हातचा गेला असं मला वाटलं. मग त्यांनी खुर्ची गुरुजींकडे सरकवली.

"कुठे कुठे अडलं ते एकेक सांगा," ते म्हणाले.

दुपारभर गुरुजी विचारत गेले, सर सांगत गेले, मी लिहीत गेलो. सरांनी दिग्रसच्या बाजारातल्या कापसाचं उदाहरण घातलं. आकृती मात्र स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं हातानं काढावी लागते. माझ्या दोन स्टेन्सिल फाटल्या, तिसरी साधली.

पाठ वेळेत गेला. पुढचे पाठही गुरुजींना समोर बसवूनच तयार झाले. त्यांचं बी.ए. झालं, दुसऱ्या खेपेला.

तेव्हापासून माझं कुठलंही लिखाण छापण्याआधी मी विषय न शिकलेल्या एका तरी माणसाला वाचायला देतो. तो काय म्हणेल याची धास्ती अजून वाटते. तरी देतो.