तारेत ओवलेली पत्रं

स्वयंपाकघराच्या दाराआड एक तार टांगलेली आहे. आत्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या काकाने, लढाईवरून धाडलेली पत्रं तिच्यात ओवली आहेत. काल मी ती उतरवून वाचली. प्रत्येक पत्रात बर्फ आहे, पायमोज्यांची मागणी आहे आणि ‘मी खुशाल आहे’. शेवटच्या पत्रात रजा मंजूर झाली आहे.

“काका गेल्याचं पत्र कुठंय?” मी आत्याला विचारलं.

“तसलं पत्र घरात ठेवत नाहीत. मीच वाचलं आणि लगेच फाडून टाकलं.”

“काय लिहिलं होतं त्यात?”

“आता नाही आठवत.”

तिने तार पुन्हा खिळ्याला अडकवली. घरोघरी अशा तारा असतील. त्या वाचून कुणी युद्ध समजून घ्यायला बसलं, तर त्याला सगळी पोरं खुशालच सापडतील, आणि रजेवर निघालेली.